शुगर आणि ताटातली खनिजं: भाकरी, मीठ आणि बोअरचं पाणी

मेडिकलमध्ये 'शुगरसाठी क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियम' असं लिहिलेली डबी दिसली की हात तिकडं जातोच. ती विकत घ्यायच्या आधी घरातली दवाखान्याची फाइल काढा. त्यात पाच आकडे शोधायचे: क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. शेजारी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवा. बीपीची, ॲसिडिटीची आणि थायरॉइडचीसुद्धा. खनिजांच्या बाबतीत कुणाला काय चालेल हे या पाच आकड्यांवर आणि त्या पट्ट्यांवर ठरतं. एकाच घरात नवऱ्याला नारळपाणी चालतं आणि बायकोला तेच धोक्याचं ठरतं, कारण तिची किडनी थकलेली असते.

मुळात खनिजं कमी का पडतात? रक्तातली साखर साधारण १८० मिलीग्रॅमच्या वर गेली की किडनी ती लघवीत सोडायला लागते. साखर आपल्याबरोबर पाणी ओढते, आणि त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियम आणि झिंकही वाहून जातं. म्हणून शुगर अडीचशेच्या वर ठेवून मॅग्नेशियमच्या गोळ्या खाणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. आधी गोळ्या-इन्सुलिन नीट लावून शुगर खाली आणायची. गळती त्यानंच बरीच थांबते.

मॅग्नेशियम: भाकरीचा हिशेब

इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन बसतं, पण आत निरोप पोचवायला मॅग्नेशियम लागतं. ते कमी असलं की इन्सुलिन असूनही काम अडतं. आपल्याकडच्या पोषण शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ४४० आणि बाईला ३७० मिलीग्रॅम लागतं.

आता ताट मोजू. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १३० मिलीग्रॅम मॅग्नेशियम असतं, बाजरीत आणि गव्हाच्या कोंडा न काढलेल्या पिठात १२५ च्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात फक्त २० च्या घरात. म्हणजे ज्वारी गव्हापेक्षा फार वरचढ आहे असं जे म्हणतात, ते मॅग्नेशियमपुरतं तरी खरं नाही. खरा फरक भात आणि मैद्याशी आहे. लग्नसराईत आठ दिवस भात, पुरी आणि बुंदीवर काढले की ही बाजू पार कोरडी पडते.

घरच्या एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं. त्यातून ८० मिलीग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. दिवसाच्या तीन भाकरी धरल्या तर २४०. त्याच्या जोडीला ५० ग्रॅम कोरड्या हरभऱ्याची उसळ, म्हणजे आणखी ८०. मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा तेवढ्याची चटणी, म्हणजे ६०. एवढ्यातच बाईचा दिवस भरतो. पुरुषाला वरून एखादी पालेभाजी आणि वाटीभर वरण लागेल. जवस, कारळं आणि तीळ यांच्या चटण्या इथं फार कामाच्या आहेत. तिळाचा एक मोठा चमचा ३५ मिलीग्रॅमपर्यंत देतो, शिवाय कॅल्शियमही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू नेहमी विसरली जाते. त्याच एका भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. 'ज्वारीनं शुगर वाढत नाही' म्हणून जेवणाला तीन-तीन भाकरी खाणाऱ्याची दुपारची शुगर अडीचशे निघते, आणि मग दोष गोळीला दिला जातो. एका जेवणाला दीड ते दोन भाकरी, त्याही मोजून. भूक राहिली तर भाकरी वाढवायची नाही. उसळ, गरगट्टं, काकडी-मुळा वाढवायचं. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालता, त्या कण्यांची मूठ भाकरीतून वजा करा.

पीठ दळताना चाळणीनं कोंडा काढू नका. खनिज मुख्यतः दाण्याच्या वरच्या थरात आणि कोंबात असतं. भाकरी मऊ व्हावी म्हणून ज्वारीत तांदूळ मिसळून दळण्याची पद्धत काही घरांत आहे, ती शुगरवाल्यांच्या दळणात बंद करा.

उपवासाचं वेगळं सांगावं लागतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात मॅग्नेशियम जवळपास नाहीच. राजगिऱ्याच्या दाण्यात मात्र ते ज्वारीच्या दुपटीच्या आसपास असतं. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सोबत दही आणि शेंगदाण्याची आमटी. राजगिऱ्याचा लाडू नको, तो गुळाच्या पाकात बांधलेला असतो. आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांना आधी विचारा. दिवसभर निरंकार राहून तीच गोळी घेतली की संध्याकाळी घाम, थरथर आणि गरगर आलीच म्हणून समजा.

भाकरी-उसळ नीट चालू असूनही मॅग्नेशियम कमी निघालं तर संशय गोळ्यांवर घ्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, अनेक घरांत वर्षानुवर्षं चालते. ती मुळात कुणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती हे कुणाच्या लक्षातही नसतं. ती लांबली की आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्याही ते बाहेर काढतात. रात्री पोटऱ्यांत गोळे येणं, पापणी फडफडणं, अशक्तपणा, छातीत धडधड ही लक्षणं आणि सोबत यातली एखादी गोळी असेल तर रक्तातलं मॅग्नेशियम तपासून घ्या. साधारण १.७ ते २.२ मिलीग्रॅम असलं की ठीक. पोटॅशियम कमी आहे आणि औषध देऊनही वर येत नाही, अशा वेळी मागे अनेकदा मॅग्नेशियमच कमी असतं.

गोळीच लागली तर ती डॉक्टरांनी लिहिलेलीच घ्या. स्वस्त ऑक्साइडची गोळी कमी शोषली जाते आणि तिनं जुलाब होतात. ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांनी मॅग्नेशियमची गोळी आणि पोट साफ करायचं मॅग्नेशियमचं औषध स्वतःहून घेऊ नये. थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते साचतं आणि हृदयाची गती मंदावते.

रक्त कमी असेल तर तीन महिन्यांची शुगर खोटं बोलते

मराठवाड्यात बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की हिमोग्लोबिन ९ असलं तरी घरात कुणी दचकत नाही. शुगरच्या बाबतीत त्याचा एक छुपा घोटाळा होतो.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीला चिकटलेली साखर. पेशी जितकी जुनी, तितकी जास्त चिकटलेली. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्या पेशींचा भरणा वाढतो. मग शुगर तेवढीच असूनही एचबीए१सी वाढलेली दिसते. डॉक्टरांच्या हातात फक्त तोच कागद असेल तर गोळी वाढते, आणि शुगर खाली घसरायला लागते. उलटही घडतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की भराभर नव्या पेशी येतात आणि एचबीए१सी अचानक खाली दिसते. घरात पेढे वाटायचे बेत होतात, पण शुगर होती तिथंच असते. रक्त चढवल्यावर, बराच रक्तस्राव झाल्यावर आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्यांतही हा आकडा फसवा ठरतो.

म्हणून असं करा. एचबीए१सीच्या दिवशीच सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. मग १५ दिवस घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर लिहून ठेवा, रोज नाही जमलं तर दिवसाआड. त्या सगळ्यांची सरासरी काढा आणि एचबीए१सीशी ताडून बघा. ७ म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. मीटरची सरासरी दीडशे आणि कागदावर साडेआठ, म्हणजे १९७ च्या बरोबरीचं, असं निघालं तर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी वाढवायची की नाही हा निर्णय त्यानंतर. पट्ट्या महाग आहेत हे खरं, पण या १५ दिवसांत वाचवायच्या नाहीत.

लोह ताटात वाढवायला बाजरी चांगली. १०० ग्रॅममध्ये सहा मिलीग्रॅमच्या वर असतं, ज्वारीत चारच्या आसपास. शेत असेल तर बियाण्यापासूनच सुरुवात करता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ही लोह आणि झिंक जास्त असलेली ज्वारी आणली. बाजरीत त्यांचीच ए.एच.बी. १२०० ही जास्त लोहाची जात आहे. घरी खाण्यापुरती तरी ती पेरता येते.

खाण्यात तीन गोष्टी पाळा. जेवणात लिंबू किंवा कच्चा आवळा ठेवा, त्यानं धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत करा, विशेषतः चुका-अंबाडीसारखी आंबट भाजी, पण शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि चव धातूसारखी लागते. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, किमान एक तास थांबा. हा शेवटचा नियम सगळ्यांत अवघड जातो.

गुळाबद्दल एकदा स्पष्ट बोलायला हवं. 'गुळात लोह असतं' म्हणून शुगर असलेल्या बाईला रोज खडा दिला जातो. १० ग्रॅम गुळात लोह मिळतं फार तर अर्धा मिलीग्रॅम. बाकीचा बहुतेक खडा साखरच. बाईची रोजची गरज २९ मिलीग्रॅम आहे. म्हणजे गुळावर भिस्त ठेवली तर आधी शुगर वाढेल, रक्त नाही.

मात्र हिमोग्लोबिन चांगलं असताना 'ताकदीसाठी' लोहाच्या गोळ्या घेऊ नका. शरीरात जास्त साठलेलं लोह यकृताला आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना त्रास देतं. पुरुषांनी आणि पाळी गेलेल्या बायकांनी फेरिटिन बघितल्याशिवाय सुरू करू नये. आणि या दोघांत रक्त कमी निघालं तर ते कुठून जातंय हे आधी शोधायचं असतं: मूळव्याध, अल्सर, आतड्याचा आजार.

झिंक

स्वादुपिंडात इन्सुलिन साठवलं जातं तेच झिंकच्या आधारानं. सहा रेणूंची एक मोळी, मधोमध झिंक. टोरांटोत स्कॉट यांनी १९३४ साली झिंक घालून इन्सुलिनचे स्फटिक सहज तयार करून दाखवले, आणि लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची वाट तिथून पुढे सरकली.

आपल्या जेवणात झिंक असतं, पण धान्य-डाळींतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. ते सोडवायचा घरगुती मार्ग म्हणजे मोड. मटकी आठ ते दहा तास भिजवा, पाणी फेका, सुती फडक्यात सैल बांधून १२ ते २४ तास टांगा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर असताना एवढा वेळ ठेवू नका. १० तासांतच चिकट होऊन वास मारते. उन्हाळ्यात दोनदा पाणी मारून फडकं बदला आणि मोड तांदळाएवढे दिसले की शिजवायला घ्या. घट्ट गाठोडं बांधलं की मधली मटकी हमखास नासते. धपाट्याचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेवणं हाही फायटेट कमी करायचा चांगला उपाय. अंडी आणि मटण खाणाऱ्यांना झिंकची फारशी चिंता नाही.

पायाची जखम भरत नाही म्हणून झिंकच्या गोळ्या महिनोन्‌महिने देऊ नका. दिवसाला ४० मिलीग्रॅमच्या वर बराच काळ गेलं की तांबं कमी पडतं, आणि त्यानं परत रक्त कमी होतं. जखम न भरण्याची कारणं बहुधा वाढलेली शुगर, नसांचा बधिरपणा आणि पायाला कमी पडणारं रक्त हीच असतात. त्यासाठी दवाखाना, तोही लवकर.

मीठ आणि पोटॅशियम: इथं किडनी ठरवते

एका माणसाला दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळं धरून. घरात मोजायची सोपी रीत: चौघांचं कुटुंब असेल तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. आणि लोणचं, पापड, कुरडया, फरसाण यांतलं मीठ त्या पुडीबाहेरचं असतं, तेव्हा ती खरं तर दोन महिने टिकायला हवी. पुडी उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनानं लिहा. महिन्यात संपली तर भाजीत हात जास्त चालतोय.

भाकरीच्या पिठात आपण मीठ घालत नाही, ही मोठीच सोय आहे. खरा घोळ ठेच्यात होतो. मिरचीचा जाळ मारायला मीठ सढळ पडतं. ठेच्यात शेंगदाणे, लसूण आणि लिंबू वाढवलं की मीठ निम्मं करता येतं. सैंधव खाऊन फरक पडत नाही, त्यातही सोडियम जवळपास तेवढंच आणि आयोडीन मात्र नाही.

किडनी चांगली असेल तर पोटॅशियम बीपीला उतारा म्हणून चांगलं. पालेभाज्या, डाळी, जालन्याची मोसंबी, तीही रस न काढता फोडी करून, एका वेळी एकच. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर पोटॅशियम उतरतं, आणि ते उतरलं की इन्सुलिन सुटायलाही अडथळा येतो. म्हणून ही गोळी सुरू झाल्यावर शुगर वाढली तर पोटॅशियम बघायला सांगा.

ईजीएफआर ६० च्या खाली गेला किंवा पोटॅशियम पाचच्या वर सरकलं की मात्र सगळा सल्ला उलटा होतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्या पोटॅशियम वाढवतात. त्यात 'लो सोडियम' मीठ सुरू केलं तर काम बिघडतं, कारण त्यात सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पुडीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. एका शहाळ्यातही ५०० मिलीग्रॅमच्या पुढे पोटॅशियम असतं. वाढलेल्या पोटॅशियमनं आधी काहीच जाणवत नाही, आणि मग थेट हृदयाचे ठोके चुकतात. अशा माणसासाठी भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या आणि मग फोडणी घाला. निरोगी किडनीवाल्यांच्या भाजीला हे करू नका. त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. एकाच घरात दोन भाज्या होतात, त्याला इलाज नाही.

जुलाब-उलट्या झाल्यावर शुगरवाले ओआरएस घेत नाहीत, त्यात ग्लुकोज आहे म्हणून. एका लिटरच्या खऱ्या ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, आणि त्याच्याशिवाय आतडं मीठ-पाणी ओढत नाही. घ्यायचंच, घोट घोट, आणि दर चार तासांनी शुगर बघायची. ओआरएससारखी दिसणारी गोड, फळांच्या चवीची पेयं मात्र वेगळी, ती नकोत. उलट्या थांबत नसतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या चालू ठेवायच्या का हे त्याच दिवशी फोनवर विचारा.

क्रोमियम आणि सेलेनियम

क्रोमियमची कीर्ती १९५९ साली श्वार्ट्झ आणि मर्ट्झ यांनी उंदरांवर केलेल्या कामापासून आहे. तेव्हापासून माणसांवर झालेल्या चाचण्यांत एकमत झालेलं नाही, आणि २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं तर ते माणसाला आवश्यक असल्याचा पुरेसा पुरावाच नाही असं म्हटलं. पैसे वाचवा. सेलेनियमचं त्याहून वाईट: २००७ साली छापलेल्या एका लांब चाचणीच्या विश्लेषणात रोज २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेह जास्त निघाला.

पाणी: बोअर की जार

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हा जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचाच. लिटरमागे ५० मिलीग्रॅम मॅग्नेशियम असलेल्या बोअरचं दोन लिटर पाणी पोटात गेलं तर १०० मिलीग्रॅम फुकटात मिळतं. आरओच्या जारमध्ये ते जवळपास धुऊन निघतं. म्हणून जारवर आलेल्या घरानं ताटातली उसळ आणि तिळाची चटणी वाढवायला हवी.

पण याचा अर्थ बोअरचं पाणी तपासल्याशिवाय प्यावं असा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास जुना आहे, आणि खतांमुळे नायट्रेट वाढलेले बोअर सगळीकडं आहेत. लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, बोअर पाच मिनिटं चालू राहू द्या, त्याच पाण्यानं बाटली तीनदा खळखळून भरा आणि त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. ग्रामपंचायतीतूनही नमुना पाठवता येतो. अहवालात बघायचं, सगळे आकडे लिटरमागे मिलीग्रॅमचे: फ्लोराइड १ च्या आत, फार तर १.५. नायट्रेट ४५ च्या आत. मॅग्नेशियम ३० पर्यंत उत्तम, १०० पर्यंत चालतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ५०० पर्यंत चांगला, दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर वाद न घालता जार. उकळून यातलं काहीच जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं.

शेवटी गोळ्यांच्या वेळा. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, तिच्यानंतर चार तास लोह किंवा कॅल्शियम नको. लोह दुपारी लिंबूपाण्याबरोबर, बिनसाखरेचं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, लोहापासून लांब. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होतं आणि तळपायाला मुंग्या येतात, तेव्हा त्या मुंग्यांना मॅग्नेशियमची कमतरता समजून गोळ्या घेत बसण्याआधी बी१२ तपासून घ्या.